धावते चाक आणि व्यसनमुक्ती



आम्ही वाणिज्य शाखेचे. हिशेबाच्याच भाषेत बोलतो. अमेरिकेतील डेव्हिडसन महाविद्यालयातील २०१२ सालचा एक प्रयोग आम्हांस उद्बोधक वाटला. ज्या उंदरांच्या पिंजऱ्यात धावण्याचे चाक होते, त्यांनी इतरांपेक्षा अफूजन्य हेरॉइन कमी घेतले. कमी घेतले, सोडले नाही. म्हणून "रोज फिरवतो, गोळ्या बंद करा" असा आग्रह आप्तेष्टांनी धरू नये. औषधोपचार मध्येच सोडून पुन्हा व्यसनाकडे वळणे प्राणघातक ठरू शकते. औषध हे मुद्दल, व्यायाम हे व्याज. मुद्दल मोडून व्याज मिळत नाही. व्यसनमुक्ती कक्षामागील मोकळ्या जागेत रुग्णांना चालण्यासाठी वाट बांधण्याचा आमचा मानस आहे. त्यास आपले साहाय्य लाभावे, ही नम्र विनंती.