आपल्या घरचें आपण लिहावें
(घाटकोपर येथें कष्टकरी मंडळींपुढें खेड्यांतील एका शिक्षकानें केलेलें भाषण)



मी खेड्यांतल्या मराठी शाळेचा मास्तर. अध्यापक विद्यालयांत शिकलों, तेवढीच माझी विद्या. तरी आपण बोलावलेंत, कारण आमच्या गांवचीं कित्येक घरें आतां घाटकोपर-मुलुंडच्या वस्त्यांत नांदत आहेत.

याच घाटकोपरांत, चिरागनगरच्या झोपडींत अण्णाभाऊ साठे राहत होते. १९२० सालीं वाळवें तालुक्यांतल्या वाटेगांवीं मांगाच्या घरीं ते जन्मले. शाळेंत दीड दिवसच टिकले, असें सांगतात. लहानपणीं आईबापांबरोबर पायीं मुंबईस आले. कोळसा वेंचला, हमाली केली, गिरणींत राबले. १९५९ सालीं त्यांची 'फकिरा' कादंबरी निघाली आणि १९६१ सालीं तिला सरकारी बक्षीस मिळालें. ज्या मांगाला कागदोपत्रीं चोर ठरविलें होतें, तोच उपाशी लोकांसाठीं धान्य लुटणारा नायक होऊन या कादंबरींत उभा राहिला.

त्यांची 'स्मशानांतील सोनें' ही गोष्ट घ्या. उपनगरांतल्या दगडखाणींत राबणारा भीमा. खाण बंद पडते, चूल विझते आणि तो मसणवटींतल्या राखेंत सोनें शोधूं लागतो. शेवटीं प्रेताच्या जबड्यांत बोटें अडकून तीं गमावतो, आणि मग कळतें कीं खाण पुन्हां सुरू झाली! भीमाला नांवें ठेवणारे पुष्कळ भेटतील. पण काम सुटलें म्हणजे पोटाचें काय होतें, हें भोगलेल्यालाच ही गोष्ट लिहितां आली.

आतां माझा एक अपराध सांगतों. गेल्या वर्षीं मीं वर्गाला 'माझी आई' हा निबंध दिला. एका मुलीची आई ऊसतोडीला जाते. तिनें कोयता, मोळी, पाचट, मुकादमाची उचल, पाचटाची कोप असें सारें लिहिलें. मीं तांबड्या शाईनें 'कोप' खोडून 'झोपडी' केली, 'उचल' खोडून 'आगाऊ रक्कम' केली आणि शेवटीं 'आई वात्सल्याची मूर्ति असते' असें जोडलें. पोरगी वही पाहून म्हणाली, "गुरुजी, ही माझी आई न्हवं, ही पुस्तकांतली." तिचें खरें होतें. उचल ही नुसती रक्कम नव्हे. ती फिटेपर्यंत माणूस मुकादमाच्या दावणीला बांधलेला असतो. शब्द शुद्ध करतां करतां मीं तें दावेंच झांकून टाकलें.

१८५५ सालीं जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेंतल्या मुक्ता साळवे या मांगाच्या मुलीनें मांग-महारांच्या दुःखाचा निबंध लिहिला, तो 'ज्ञानोदया'त छापून आला. तिच्या शाळेनें तिचा राग पुसला नाहीं; मीं मात्र एका मुलीची आई पुसली. पुढें १८८५ सालीं ग्रंथकार सभेचें बोलावणें जोतीरावांनीं नाकारलें. ज्यांना आमचें दुःख ठाऊक नाहीं त्यांच्या ग्रंथांशीं आमचा मेळ बसत नाहीं, असा त्यांच्या पत्राचा आशय होता.

मग आपले ग्रंथ आपणच लिहिले पाहिजेत, आणि ते लिहिले गेले. गिरणी कामगाराच्या घरीं वाढलेल्या अनाथ नारायण सुर्व्यांनीं १९६२ सालीं 'ऐसा गा मी ब्रह्म' हा कवितासंग्रह दिला. १९६३ सालीं बाबुराव बागुलांच्या कथा आल्या, १९७२ सालीं नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा', १९७८ सालीं दया पवारांचें 'बलुतं'. फलटणच्या बेबीताई कांबळे दुकानांत बसून घरच्यांच्या नकळत लिहीत. त्याचेंच 'जिणं आमुचं' झालें. उर्मिला पवारांची आई बांबूचीं आयदानें विणून मुलांना वाढवी. लेकीनें २००३ सालीं आत्मकथेला 'आयदान' हेंच नांव दिलें. कल्पना दुधाळ शेतांत राबून मातीच्या कविता लिहितात.

कोणी म्हणेल, घरचें दारिद्र्य चव्हाट्यावर कशाला? मी विचारतों, ज्यांनीं आपल्याला दारिद्र्यांत ठेवलें त्यांना लाज वाटली नाहीं; मग तें सांगणाऱ्यानें कां लाजावें? दुसरा म्हणेल, पुस्तकानें पोट भरत नाहीं. खरें आहे. अण्णाभाऊंचेंही भरलें नाहीं. १९६९ सालीं ते हलाखींतच गेले. पण सावकाराच्या वहींत काय लिहिलें आहे हें वाचतां न आल्यानें आपल्या आजे-पणज्यांनीं जमिनी घालविल्या, हें विसरूं नका. जो लिहितो त्याचाच हिशेब खरा ठरतो.

म्हणून माझें मागणें थोडकें आहे. जयंतीच्या वाजंत्रीच्या खर्चांतून वस्तीसाठीं एक तरी पुस्तक आणा. रात्रीं जेवणें उरकल्यावर घरांतल्या शिकलेल्या पोरीनें तें मोठ्यानें वाचावें, बाकीच्यांनीं ऐकावें. आणि एक कोरी वही घ्या. आजीनें गांव कां सोडलें, बापाची गिरणी बंद पडली त्या रात्रीं घरांत काय शिजलें, हें ज्याच्या त्याच्या शब्दांत तींत उतरवा. शुद्धलेखन मागाहून पाहूं.

त्या मुलीला मीं नवी वही दिली आहे. पहिल्या पानावर तिनें पुन्हां 'कोप' असेंच लिहिलें. या खेपेस मीं तो शब्द खोडला नाहीं.