फोटो कोणाचा, हक्क कोणाचा?

नवरात्रात कोल्हारच्या भगवतीमातेच्या मंदिराचा एखादा सुरेख फोटो व्हॉट्सॲपवर येतो. कोपऱ्यातलं फोटोग्राफरचं नाव कुणीतरी कापलेलं असतं आणि खाली 'शुभेच्छुक' म्हणून भलत्याच भाऊंचं नाव! मंदिर सगळ्यांचं, फोटो मात्र काढणाऱ्याचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हा हक्क फोटो काढताक्षणीच मिळतो. नोंदणीची अट नाही.

लग्नाच्या फोटोंचं वेगळं. पैसे देऊन ते काढून घेतले आणि दुसरा काही करार नसेल, तर हक्क पैसे देणाऱ्याचा. आता अल्बमसाठी घरचे फोटोग्राफरच्या मागे आणि तो बाकी पैशांसाठी घरच्यांच्या मागे, ही गोष्ट निराळी.

पुस्तकांवरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून 'श्यामची आई' २०११ पासून सर्वांना खुली आहे. पु. ल. देशपांडे गेले २००० साली. त्यांचं अख्खं पुस्तक स्कॅन करून विनापरवाना ग्रुपवर टाकणं २०६० अखेरपर्यंत बेकायदाच. परीक्षण लिहिताना त्यातला छोटा उतारा घेता येतो, पण लेखकाच्या नावासह.

नेवाशाला सांगितलेली ज्ञानेश्वरी तर कुणाच्याच मालकीची नाही. पण त्याच ओव्या आजच्या एखाद्या गायकानं ध्वनिमुद्रित केल्या असतील, तर ते ध्वनिमुद्रण आपल्या चॅनेलवर चढवण्याआधी परवानगी घ्यावी लागते.