तालुक्याला सायबर सहायक हवा

(लोणावळ्यात वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान, संपादित)



पावसाळ्यातल्या शनिवारी संध्याकाळी लोणावळ्यातल्या तुंगार्लीच्या एखाद्या बंगल्याच्या फाटकाशी मुंबईची गाडी येऊन थांबते. मुलं पेंगुळलेली, सामान उतरवायची घाई, पैसे आठवड्यापूर्वीच भरलेले. आणि मालकाला त्या बुकिंगचा पत्ताच नसतो. जाहिरातीत फोटो त्याच्याच बंगल्याचे, पत्ताही त्याचाच. फोन नंबर तेवढा भामट्याचा. पवना धरणाच्या काठी तंबू लावणाऱ्या पोरांचीही हीच रड आहे. पाहुण्याचे पैसे जातात, पण चारचौघांत नाव खराब होतं ते इथल्या माणसाचं, आणि त्या नावावरच आपला धंदा चालतो.

सायबर सुरक्षा हा बड्या कंपन्यांचा विषय, असं अजून आपल्याला वाटतं. पुण्याच्या कॉसमॉस बँकेची आठवण काढा. 1906 सालची ही सहकारी बँक. ऑगस्ट 2018 मध्ये सायबर हल्ल्यात दोन दिवसांत तिथून सुमारे 94 कोटी रुपये गेले. बनावट कार्डांनी 28 देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले आणि काही कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळते झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी किमान सायबर सुरक्षेचे नियम काढले. पुढच्या वर्षअखेरीस बँकांच्या कामाच्या व्याप्तीनुसार त्यांचे चार स्तर ठरवले. आता बँकांची संकेतस्थळं 'डॉट बँक डॉट इन' या राखीव पत्त्यावर आली आहेत. इथे नियम होता, तपासायला अधिकारी होता आणि जाब विचारणारं कुणीतरी होतं. म्हणून काम हललं.

आता दुकानाकडे या. सरकारने छोट्या धंद्यांसाठी काहीच केलं नाही, असं मी म्हणणार नाही. 2017 साली सायबर स्वच्छता केंद्र सुरू झालं. संगणकात शिरलेला घातक प्रोग्रॅम काढायचं साधन तिथे फुकट मिळतं आणि त्यात अँटीव्हायरस बनवणाऱ्या आपल्या पुण्याच्या क्विक हीलचाही हातभार आहे. ही कंपनी उभी करणारे काटकर बंधू कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानातून वर आले, हे इथल्या दुकानदारांनी मुद्दाम लक्षात ठेवावं. पण या बाजारपेठेत किती जणांनी त्या केंद्राचं नाव ऐकलंय?

सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 हा नंबर मात्र खरंच उपयोगी आहे. पैसे गेल्याचं कळताच फोन करा. व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक, रक्कम आणि वेळ हाताशी ठेवा. तक्रार नोंदली की पैसा ज्या बँकेत पोचला असेल, तिला लगेच कळवलं जातं आणि खात्यात जेवढे उरले असतील तेवढे रोखले जातात. भामटा पैसे एका खात्यातून दुसऱ्यात आणि तिथून तिसऱ्यात पळवत असतो. म्हणून 'उद्या सकाळी बँकेत जाऊन बघू' म्हणणाऱ्याच्या हाती सहसा काही लागत नाही.

याच व्यवस्थेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एखाद्या गिऱ्हाइकाने चिक्कीचे चारशे रुपये क्यूआरवर दिले आणि तो पैसा मुळात फसवणुकीचा निघाला, तर परराज्यातल्या पोलिसांच्या पत्रावर त्या चिक्कीवाल्याचंच खातं गोठू शकतं. दिवाळीच्या तोंडावर गूळवाल्याचे, शेंगदाणेवाल्याचे पैसे अडकतात. ज्याने गुन्हा केला नाही त्याने दाद मागायला कुठे जायचं? मला हा अन्याय वाटतो. वादातली रक्कम तेवढी रोखा, आख्खं खातं कशाला?

कायद्याचा बोजाही वाढतोय. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने एप्रिल 2022 मध्ये आदेश काढला: सायबर हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवा, संगणकाच्या नोंदी 180 दिवस जपा. 2025 मध्ये तिनेच लघुउद्योगांसाठी पंधरा मूलभूत नियंत्रणं सांगितली. ती चांगलीच आहेत. पण नवलाख उंबऱ्याच्या एमआयडीसीत सुटे भाग बनवणारा उद्योजक स्वतःच मशीनवर उभा असतो, जीएसटीचं बघतो, कामगारांचा पगारही करतो. तो ते इंग्रजी कागद केव्हा वाचणार?

आपल्याकडच्या हॉटेलांचं तर विचारूच नका. पाहुण्यांच्या आधार कार्डांचे फोटो मॅनेजरच्या मोबाइलमध्ये साठत जातात. मॅनेजर नोकरी सोडतो आणि फोटो त्याच्याबरोबर जातात. 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला, नोव्हेंबर 2025 मध्ये त्याचे नियम निघाले, मुख्य तरतुदींना दीड वर्षाची मुदत मिळाली. माहिती नीट सांभाळली नाही तर दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी आहे. एवढा दंड लहान हॉटेलाला कुणी लावणार नाही, पण जबाबदारी त्यालाही चुकलेली नाही.

ब्रिटनने 2014 साली लहान धंद्यांना झेपेल अशी पाच मुद्द्यांची सायबर सुरक्षेची प्रमाणपत्र योजना आणली आणि काही सरकारी कंत्राटांत तिची अट घातली. आपल्याकडेही तसं करता येईल. पण त्याआधी आपल्याला माणूस हवा. भातावर करपा पडला की इंद्रायणी तांदूळ पिकवणारा शेतकरी कृषी सहायकाला बांधावर बोलावतो. तसा दुकानात येऊन हिशेबाच्या टॅलीचा बॅकअप उघडून बघणारा, प्रत्येक खात्याचा पासवर्ड वेगळा करून देणारा, 'पुरवठादाराचा खाते क्रमांक बदलल्याचा मेल आला तर आधी जुन्या नंबरवर फोन करा' हे मराठीत समजावणारा सहायक तालुक्याला नेमला पाहिजे. आज आपल्या मावळ तालुक्यात असा सहायकही नाही आणि तक्रारीची वाटही सरळ नाही. तळेगाव पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात, लोणावळा-कामशेत पुणे ग्रामीण पोलिसांकडे. एकाच तालुक्यातला व्यापारी आपली हद्द कोणती, हे शोधत बसतो.

सरकार नेमेपर्यंत थांबायचं कारण नाही. याच तालुक्यात, तळेगावला, लोकांनी एकेक पैसा वर्गणी दिली आणि 1908 साली पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळ्यांची ती कल्पना. आज व्यापारी संघटनेने, हॉटेलवाल्यांनी, बंगलेमालकांनी महिना थोडी वर्गणी काढली तर एका जाणत्या माणसाचा पगार सहज निघेल. कुसगाव-तळेगावला अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. शेवटच्या वर्षाची मुलं त्याच्या हाताखाली काम शिकतील.

इथे नगरपरिषदेची आणि व्यापारी संघटनेची मंडळी बसली आहेत. त्यांना माझी विनंती आहे: पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या आणि पावसाळी गर्दी सुरू व्हायच्या आत माणूस नेमा.