तारेतून वीज गेली, राख मात्र येथेच राहिली

(नागपूर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कोराडी येथे ६६० मेगावॅटचे आणखी दोन कोळशावरील संच उभारावयाचे ठरले आहे. त्यासाठी २९ मे २०२३ रोजी भर उन्हाळ्यात जनसुनावणी झाली, आणि २०२५ साली उभारणीचे काम ‘भेल’ या सार्वजनिक कंपनीकडे सोपवण्यात आले. या प्रश्नावर दोन तऱ्हेची उत्तरे कानी पडतात. एक पक्ष विचारतो, ‘देश अंधारात ठेवावयाचा आहे काय?’ दुसरा पक्ष म्हणतो, ‘कोळसा हे पाप आहे, तो आजच बंद करा.’ पहिल्याला राख दिसत नाही, दुसऱ्याला अंधार दिसत नाही. समाजवादी विचारांच्या कार्यकर्त्याला मात्र दोन्हींकडे पाहावे लागते, आणि त्याही पलीकडचा एक प्रश्न विचारावा लागतो : या विजेचा लाभ कोणाला आणि तिचा भार कोणावर?

प्रथम विजेच्या हक्काविषयी बोलू. वीज ही चैनीची वस्तू नव्हे, हे या देशात फार पूर्वी सांगितले गेले आहे, आणि ते सांगणाऱ्याचे नाव नागपूरकरांना तरी सांगण्याची आवश्यकता नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे श्रम खात्याचे सदस्य होते आणि वीज हा विषय त्याच खात्याकडे होता. वीज स्वस्त व मुबलक मिळाल्याशिवाय उद्योगीकरण नाही, आणि उद्योगीकरणाशिवाय या देशातील माणसाची दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटका नाही, अशी त्यांची मांडणी होती. वीजनिर्मितीची मालकी सार्वजनिक असावी की खाजगी, हा प्रश्न त्यांनी १९४३ सालीच धसास लावला. १९४८ चा वीजपुरवठा कायदा आणि त्यातून निर्माण झालेली राज्य वीज मंडळे यांच्यामागे ही सारी विचारपरंपरा उभी आहे.

आजही आपल्या देशातील माणूस वर्षाकाठी सरासरी १,४०० युनिटांच्या आसपास वीज वापरतो. जगाची सरासरी याच्या दुपटीहून अधिक आहे. भारतीय माणसामागे होणारे कर्बवायूचे उत्सर्जन वर्षाला सुमारे दोन टन, म्हणजे जागतिक सरासरीच्या निम्म्याहूनही कमी. ज्या देशांनी दीडशे वर्षे कोळसा जाळून आपली वैभवे उभारली, त्यांनी आपल्याला संयमाचा उपदेश करावा, यातील दांभिकता उघड आहे. २०२१ साली ग्लासगोच्या परिषदेत कोळसा ‘संपुष्टात आणणे’ऐवजी ‘क्रमाने कमी करणे’ असा शब्दप्रयोग भारताने आग्रहाने करवून घेतला, तेव्हा त्यामागे हेच न्याय्य कारण होते.

पण मित्रहो, जो न्याय आपण ग्लासगोत मागतो, तोच न्याय आपण आपल्या घरात देतो काय? श्रीमंत देशांनी लाभ घ्यावा आणि गरीब देशांनी त्याचे परिणाम भोगावे, हे आपल्याला मान्य नाही. मग मुंबई-पुण्याने लाभ घ्यावा आणि कोराडी-खापरखेड्याने परिणाम भोगावे, हे मान्य कसे व्हावे?

विदर्भाचा विजेचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. खापरखेड्याचे पहिले वीजकेंद्र स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या पर्वातले. आज तेथे १,३४० मेगावॅट क्षमता आहे. कोराडीचा पहिला संच १९७४ चा. आज तेथे ६६० मेगावॅटचे तीन मोठे संच चालतात. नव्या दोन संचांनंतर अशा पाच संचांची क्षमता ३,३०० मेगावॅट होईल. चंद्रपूरला २,९२० मेगावॅट, मौद्याला राष्ट्रीय औष्णिक वीज महामंडळाचे २,३२० मेगावॅट, गोंदिया जिल्ह्यातील तिरोड्याला खाजगी कंपनीचे ३,३०० मेगावॅट. कामठी, सिल्लेवाडा, सावनेर, उमरेड, चंद्रपूर, वणी असा कोळशाचा पट्टा येथे पसरलेला आहे. वेस्टर्न कोलफील्ड्सचे मुख्यालयही नागपुरातच आहे.

केंद्रे येथे का झाली, याचे तांत्रिक कारण चुकीचे नव्हते. आपल्या कोळशात तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक राखच असते. ती वाघिणींतून शेकडो मैल वाहून नेण्यापेक्षा खाणीच्या तोंडाशी कोळसा जाळावा आणि वीज तारेतून पाठवावी, हे शहाणपणाचेच. म्हणून चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातील पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची, १,५०० मेगावॅट वाहून नेणारी उच्चदाब एकदिश वाहिनी नव्वदीच्या दशकाअखेर उभी राहिली. पुढे तिरोडा-कोराडी-अकोला-औरंगाबाद अशी ७६५ किलोव्होल्टची वाहिनी आली. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी एका लयीत आले. या जाळ्याची मी निंदा करणार नाही. एका प्रदेशात पाऊस रुसला, दुसरीकडे संच बंद पडला, तर तिसऱ्याने हात द्यावा, हे सहकाराचेच तत्त्व आहे. जुलै २०१२ मध्ये उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारत अंधारात बुडाला, तेव्हा हे जाळे शिस्तीवाचून टिकत नाही हेही आपण शिकलो.

परंतु तारेचा एक धर्म आहे. ती वीज नेते, राख नेत नाही. वीज राष्ट्रीय झाली. राख, धूर आणि तापलेले पाणी मात्र स्थानिकच राहिले. माझ्या मते साऱ्या प्रश्नाचे मूळ येथे आहे.

थोडा हिशेब करू. एका युनिटामागे साधारण ६०० ग्रॅम कोळसा धरला, तर १,३२० मेगावॅटचे दोन संच ऐंशी टक्के क्षमतेने चालले असता दिवसाला सुमारे अडीच कोटी युनिटे वीज आणि त्यासाठी पंधरा हजार टन कोळसा लागेल. त्यातून दिवसाला पाच हजार टन राख निघेल. म्हणजे दहा टनी ट्रकच्या पाचशे खेपा. रोज, पंचवीस-तीस वर्षे! ही राख आज चालू असलेल्या संचांच्या राखेवर चढणारी. १९९९ पासून राखेच्या वापराचे नियम आहेत, डिसेंबर २०२१ मध्ये ते अधिक कडक झाले. कागदावर राख सिमेंटमध्ये, विटांत, रस्त्यांत जाते. प्रत्यक्षात फेब्रुवारी २०२२ मध्ये नांदगावच्या राखतळ्याचा प्रश्न इतका विकोपास गेला की पर्यावरणमंत्र्यांना तेथे येऊन राख टाकणे थांबवण्यास सांगावे लागले. त्याच वर्षी जुलैमधील पावसात कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखबंधारा फुटला आणि राखेचे पाणी शेतांत व नाल्यांत शिरले. ज्या शेतात राखेचा थर बसतो त्याचा सातबारा बदलत नाही. बदलते ती जमीन.

हवेचे तसेच. धुरातील गंधक काढून टाकणारी यंत्रणा प्रत्येक केंद्राने बसवावी, असे मानक केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये घालून दिले आणि दोन वर्षांची मुदत दिली. मुदत वाढली, पुन्हा वाढली, आणि जुलै २०२५ मध्ये देशातील बहुसंख्य वीजकेंद्रांना या अटीतून सूटच देण्यात आली. दहा वर्षे पाळला न गेलेला नियम अखेर पाळण्याची गरजच नव्हती असे ठरले! जनसुनावणीत दिलेल्या आश्वासनांवर ग्रामस्थांनी विश्वास का ठेवावा, याचे उत्तर हा इतिहास पाहून कोणी द्यावे.

येथे आपल्यापैकी काही जण म्हणतील, ‘कोराडी हे सार्वजनिक केंद्र आहे. खाजगी नफेखोरीविरुद्ध आपण लढलो, मग महानिर्मितीला विरोध कसा?’ मुद्दा योग्य आहे, पण अपुरा आहे. सार्वजनिक मालकी ही न्यायाची पहिली पायरी, शेवटची नव्हे. २००५ साली वीज मंडळाची तीन कंपन्यांत विभागणी झाली. त्यानंतर वीजकेंद्रांत कंत्राटी कामगार किती वाढले आणि तेच काम, तोच धोका पत्करून त्यांना कायम कामगाराच्या तुलनेत काय मिळते, हे येथे बसलेल्या कामगार मित्रांना मी सांगावयास नको. शिवाय या केंद्रांसाठी महानिर्मितीला छत्तीसगडच्या रायगड जिल्ह्यात गारे पालमा येथील कोळसा-पट्टा मिळाला आहे. तेथे जून २०२५ मध्ये पोलीस बंदोबस्तात जंगल तोडण्यास प्रारंभ झाला, तेव्हा आदिवासी ग्रामस्थ विरोधात उभे राहिले. म्हणजे आमच्या खांद्यावरील भाराचा एक हिस्सा आम्ही आमच्याहून दुर्बळ माणसाच्या खांद्यावर ठेवीत आहोत. विदर्भावरील अन्यायाची भाषा बोलणाऱ्यांनी रायगडच्या आदिवासीचा विसर पडू देता कामा नये.

आता खरोखर गरज किती, हेही तपासू. याच नागपूर जिल्ह्यात बुटीबोरी येथे ६०० मेगावॅटचे तयार वीजकेंद्र २०१९ पासून वर्षानुवर्षे बंद उभे होते. २०२५ साली ते दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून दुसऱ्या उद्योगसमूहाच्या हाती गेले. एकीकडे तयार यंत्रे गंजत होती आणि दुसरीकडे नव्या यंत्रांसाठी जनसुनावणी झाली, याला नियोजन म्हणत नाहीत. एन्रॉनचे प्रकरण या राज्याने भोगले आहे. मागणीचे फुगवलेले अंदाज, त्यावर केलेले दीर्घ मुदतीचे करार, आणि वीज घ्या वा न घ्या, स्थिर आकार मात्र भरा, हा त्याचा सारांश होता. २००१ मध्ये दाभोळ बंद पडले, पण कर्जाचा आणि कराराचा भार ग्राहकाने आणि करदात्यानेच वाहिला. कोळशाचा संच एकदा उभा राहिला की पंचवीस वर्षे त्याचा खर्च विजेच्या बिलात बसतो, हे त्या प्रकरणाने शिकवले.

प्रतिपक्षाचा एक मुद्दा मात्र मी मनापासून मान्य करतो. सूर्य मावळल्यावर वीज लागते. मे महिन्यातील नागपूरच्या रात्री कूलर बंद ठेवून काढा, असे कष्टकऱ्याच्या पत्र्याच्या खोलीत जाऊन सांगण्याचा अधिकार मला नाही. सौरऊर्जा साठवण्याची सोय पुरेशी होईपर्यंत कोळशाचे संच चालवावे लागतील. प्रश्न आहे तो कोणते, किती आणि कोणत्या अटींवर, हा.

आणि रात्रीचीच गोष्ट निघाली आहे, तर शेतकऱ्याची रात्रही पाहा. वीज निर्माण करणाऱ्या या प्रदेशातला शेतकरी वर्षानुवर्षे रात्रीच्या पाळीच्या विजेवर ओलीत करीत आला. साप, विंचू, रानडुक्कर, चंद्रपूर-भंडाऱ्याकडे वाघ. या साऱ्यांच्या सोबतीने तो पाण्याचे दार मोडतो. १९८४ साली दांडेकर समितीने प्रादेशिक अनुशेष मोजला, तेव्हा ग्रामीण विद्युतीकरण हे एक वेगळे क्षेत्र धरून मोजावे लागले होते. चाळीस वर्षांनी, २०२३ पासून, मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला. गावाजवळच्या उपकेंद्राशी लहान सौर प्रकल्प जोडून कृषिपंपांना दिवसा वीज द्यावी, ही त्यातील कल्पना उत्तम आहे. तिला ना ७५० किलोमीटरची वाहिनी लागते, ना राखतळे. मग ज्या तालुक्यांनी राख सोसली, त्या तालुक्यांत ही योजना सर्वांत आधी पूर्ण का होऊ नये?

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. नुसत्या ‘हो’ किंवा ‘नको’ने काम भागणार नाही.

पहिली : नवा संच हा केवळ जुन्याच्या बदल्यात असावा. जुने संच काढून अधिक कार्यक्षम संच आणतो, असे समर्थन सरकार करते. तर मग कोणता संच कोणत्या तारखेला बंद होणार, हे परवान्यातच लिहावे. बदली क्षमता जुन्या क्षमतेहून अधिक असेल, तर तिला बदली म्हणू नये.

दुसरी : गंधक काढणारी यंत्रणा पहिल्या दिवसापासून चालू असल्याशिवाय एक युनिटही ग्रिडमध्ये जाऊ नये. देशातील बहुसंख्य केंद्रांना सूट असली तरी चोवीस लाखांवर वस्तीच्या शहराशेजारी राज्याने ती लागू होऊ देऊ नये.

तिसरी : राखेचा मासिक हिशेब ग्रामसभेपुढे मराठीत वाचला जावा. किती निघाली, किती गेली, कोठे पडली. वारेगाव, खसाळा, नांदगाव या गावांतील विहिरींचे पाणी आणि माणसांची फुप्फुसे यांची तपासणी कंपनीने नव्हे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने करावी.

चौथी : या केंद्रांतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक युनिटावर अल्प अधिभार बसवावा आणि त्याचा निधी राखग्रस्त गावांच्या हाती द्यावा. मुंबईच्या ग्राहकाला तो बिलात जाणवणारही नाही. पण आपला दिवा कोणाच्या अंगणातील राखेवर लागतो, एवढे तरी त्या बिलावर छापलेले असेल.

पाचवी : कायम स्वरूपाच्या कामावर कंत्राटी कामगार नको. आणि जे संच बंद होतील तेथील कामगाराला नव्या कामाचे शिक्षण व नोकरीची हमी संच बंद होण्यापूर्वी मिळावी, नंतर नव्हे. कोळसा आज ना उद्या मागे पडणार आहे. तेव्हा कोराडी-खापरखेड्याच्या वसाहती ओस पडू द्यावयाच्या नसतील, तर तयारीला आजच लागले पाहिजे.

मित्रहो, यातील एकही मागणी विजेच्या विरोधात नाही. वीज साऱ्या देशाची असेल, तर तिचा भारही साऱ्या देशाने वाटून घ्यावा, एवढेच तिच्यात आहे. बाबासाहेबांनी वीज मागितली ती माणसाची मुक्तता व्हावी म्हणून. ती मुक्तता वारेगावच्या माणसाच्या वाट्यालाही आली पाहिजे.

पुढील काम आपले आहे. येत्या ग्रामसभांत राखेचा हिशेब मागणारा ठराव मांडा. कामगार संघटनांनी तो आपल्या मागणीपत्रकात घ्यावा, ग्राहक संघटनांनी वीज नियामक आयोगापुढे न्यावा. कामगार, शेतकरी आणि ग्राहक यांनी वेगवेगळ्या दारांत उभे राहून एकमेकांविरुद्ध बोलावे, अशीच व्यवस्थेची इच्छा असते. या तिघांना एका ठरावाखाली आणणे, हे आपले पहिले काम आहे. ते आपण उद्यापासून सुरू करू या.