उतरवून देणारी बोट

लढाईच्या जहाजांचा विषय निघाला की आपल्याला तोफा आठवतात. चिलखती पत्रे, पाणसुरुंग, पाणबुड्या आठवतात. पण दुसऱ्या महायुद्धात जहाजांची एक जात अशी होती, की तिचं काम लढणं हे नव्हतंच. तिचं काम माणसं उतरवून देणं. पायदळाची पलटण पोटात घ्यायची, रात्रीच्या अंधारात शत्रूच्या किनाऱ्याजवळ न्यायची आणि पाण्यात सोडायची. पुढे किनाऱ्यावर काय होईल ते त्या माणसांचं नशीब. इंग्रजांच्या आरमारात अशा जहाजाला 'लँडिंग शिप, इन्फन्ट्री' म्हणत.

श्रोतेहो, कोकणच्या माणसाला हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही. आमच्या किनाऱ्यावर बहुतेक ठिकाणी धक्के नव्हते. मुंबईहून आलेली आगबोट खोल पाण्यात उभी राहायची आणि पडाव तिला जाऊन भिडायचे. ट्रंका, पोती, पोरंबाळं, म्हाताऱ्या सगळे पडावात उतरायचे आणि पडाव किनाऱ्याला लागायचा. तरीही शेवटचे चार हात पाण्यातूनच जायचं. सैनिक उतरवणाऱ्या बोटींचं कामही असंच चाले. फरक इतकाच, की त्यांचे पडाव त्यांच्याच कुशीला टांगलेले असत आणि किनाऱ्यावर घ्यायला आलेल्या माणसांच्या हातात बंदुका असत.

हा पडाव साडेएकेचाळीस फूट लांब असे. तळ लाकडी, बाजूंना चिलखती पत्रे, पुढे खाली पडणारा दरवाजा. चालवणारे चार आणि सैनिक तीस-पस्तीस. दोन-सव्वादोन फूट पाण्यातही तो चालायचा. सैनिक डेकवरूनच त्यात बसत, मग तो हळूहळू खाली सोडला जाई. मोठी बोट किनाऱ्यापासून मैलोगणती दूर उभी राही. पडाव एकदा माणसं सोडून परत येत, पुन्हा भरून जात. असं उजाडेपर्यंत आणि पुढे दिवसभर.

आज मला अशाच एका बोटीची नोकरी तुम्हाला सांगायची आहे. 'नोकरी' हा शब्द मी मुद्दाम वापरतो. आमच्याकडच्या खलाशाजवळ सेवेची एक नोंदवही असे. तिला ते 'नळी' म्हणत. कोणत्या बोटीवर चढला, कधी चढला, कधी उतरला, काम कसं केलं, वागणूक कशी होती, सगळं त्यात. माझे आजोबा बी. आय. कंपनीच्या बोटींवर खलाशी होते. त्यांना वाचता येत नव्हतं, पण त्यांची नळी आमच्या घरात कुराणशरीफच्या खालच्या फळीवर जपून ठेवलेली असे. तिच्यात १९३४ सालचा एक शिक्का आहे, 'केनिया' नावाच्या बोटीचा. त्या बोटीचीच नळी आज उघडू या.

पहिली नोंद. 'केनिया' १९३० साली ग्लासगोला क्लाइड नदीकाठच्या अलेक्झांडर स्टीफन यांच्या कारखान्यात पाण्यात उतरली. पुढच्या वर्षी तिची धाकटी बहीण आली, तिचं नाव 'कारंजा'. उरणजवळच्या कारंज्याची आठवण मुंबईकराला यावी असंच हे नाव. दोघीही दहा हजार टनांच्या आतबाहेर. मालक ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी, म्हणजे आपल्या बोलण्यातली बी. आय., आणि मुंबईतलं तिचं कामकाज पाहणारी बॅलार्ड इस्टेटमधली मॅकिनन मॅकेन्झी. दोन्ही बोटींचा मार्ग मुंबईहून पूर्व आफ्रिकेचा. सेशेल्स, मोंबासा, झांझिबार, दारेसलाम आणि खाली थेट दर्बानपर्यंत. उतारू कोण? काठेवाडी आणि कच्छी व्यापारी, गोव्याचे कारकून, रेल्वेत आणि सरकारी कचेऱ्यांत नोकरीला निघालेले लोक, नव्याने लग्न झालेल्या मुली. वरच्या वर्गात साहेब, खाली डेकवर वळकट्या. ही बोट माणसांना परक्या मुलखात उतरवून देत होती, पण पोटासाठी.

दुसरी नोंद युद्धाची. बोट सरकारने घेतली आणि १९४१ मध्ये तिचं रूप बदललं. कुशीला पडाव टांगले गेले, तोफा बसल्या. 'केनिया' नावाची एक क्रूझर आरमारात आधीच होती, म्हणून नावही बदलावं लागलं. काही काळ ती 'हायड्रा' झाली आणि मग 'केरेन'.

हे केरेन कुठलं? ते इरिट्रियातलं डोंगरातलं गाव. १९४१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथे इटालियन फौजेशी घनघोर लढाई झाली. ती लढली मुख्यतः हिंदी फौजेच्या चौथ्या आणि पाचव्या डिव्हिजनने. उभ्या कड्यांवर पाणी आणि दारूगोळा पाठीवर वाहून न्यावा लागत होता. त्या डोंगरांवर मराठा लाइट इन्फन्ट्रीची पोरंही होती आणि 'केरेन' हा शब्द आजही त्या रेजिमेंटच्या युद्धसन्मानांत आहे. म्हणजे मुंबईच्या उतारूंची बोट सातारा-कोल्हापूरकडच्या शिपायांनी गाजवलेल्या लढाईचं नाव घेऊन निघाली.

तिसरी नोंद मादागास्करची. १९४२ च्या सुरुवातीला सिंगापूर पडलं, रंगून पडलं, जपानी आरमार हिंदी महासागरात शिरलं. इजिप्तला आणि हिंदुस्थानला जाणारी रसद आफ्रिकेला वळसा घालून येत होती. मादागास्कर बेट जर्मनीशी जुळवून घेतलेल्या व्हिशी फ्रेंच सरकारच्या ताब्यात होतं. त्याच्या उत्तर टोकाचं दिएगो स्वारेझ हे बंदर जपानी पाणबुड्यांना मिळालं असतं, तर ती वाट तुटली असती. ५ मे १९४२ च्या पहाटे इंग्रजांनी तिथे फौज उतरवली. 'केरेन' आणि 'कारंजा' दोघीही त्या ताफ्यात होत्या. फ्रेंचांची तोंडं पूर्वेच्या मुख्य बंदराकडे होती. पश्चिमेकडून खडकांतून आणि सुरुंगांतून रात्री कोणी जहाजं आणणार नाही असा त्यांचा हिशेब होता. जहाजं तिथूनच आली. ७ मे रोजी बंदर पडलं. शंभरावर ब्रिटिश सैनिक मेले, फ्रेंच बाजूचेही मेले. ज्या समुद्रात या दोघी बहिणी दहा वर्षं वळकट्या आणि लोणच्याच्या बरण्या वाहत होत्या, त्याच समुद्राच्या शेजारी त्यांनी पहिल्यांदा लढाईसाठी माणसं उतरवली.

चौथी नोंद दुःखाची आहे. नोव्हेंबर १९४२, उत्तर आफ्रिका. ८ तारखेला मोरोक्को आणि अल्जीरियाच्या किनाऱ्यांवर इंग्रज आणि अमेरिकन फौजा उतरल्या. दोन्ही बहिणी अल्जिअर्सच्या बाजूला होत्या. तिथलं काम लवकर उरकलं आणि 'कारंजा'ला आणखी काही बोटींबरोबर पूर्वेला बूजी बंदराकडे पाठवलं. आज त्याला बेजाइआ म्हणतात. बेत असा होता, की थोड्या पुढे जिजेल इथेही माणसं आणि विमानांचं इंधन उतरवायचं, म्हणजे तिथल्या धावपट्टीवरून लढाऊ विमानं उडतील आणि बंदरातल्या बोटींवर छत्र धरतील. ११ नोव्हेंबरला बूजीला पायदळ नीट उतरलं. पण जिजेलला समुद्र खवळलेला होता. लाटा इतक्या, की पडाव किनाऱ्याला लावता येईनात. तिकडची बोट मागे फिरली. इंधन पोचलं नाही, त्यामुळे विमानं वेळेवर उडाली नाहीत. त्या संध्याकाळपासून जर्मन बाँबफेकी विमानं बूजीवर तुटून पडली. आधी 'अवाटिया' गेली, 'कॅथे' गेली आणि १२ तारखेला 'कारंजा' पेटली आणि बुडाली. पलटणी किनाऱ्यावर पोचल्या होत्या, पण त्यांचं बरंचसं सामान बोटींबरोबर गेलं.

कागदावर सगळा बेत चोख होता. तो फसला एका लाटेपायी. पावसाळ्याच्या तोंडावर पडाव लावणाऱ्या आमच्याकडच्या कोणत्याही तांडेलाने हे सांगितलं असतं, की उतरायचं कुठे हे नकाशा ठरवतो, पण उतरायचं की नाही ते दर्या ठरवतो.

'केरेन' मात्र वाचली. १९४३ च्या जुलैत तिने सिसिलीच्या किनाऱ्यावर सैनिक उतरवले. एकाच कारखान्यात जन्मलेल्या, एकाच मार्गावर वाढलेल्या दोघी. एक अकरा वर्षांत भूमध्य समुद्राच्या तळाशी आणि दुसरीला पुढे पाव शतकाचं आयुष्य. यात कोणाचा पराक्रम नाही आणि कोणाची चूक नाही. त्या दिवशी कोणाला कुठे पाठवलं, एवढाच प्रश्न.

पाचवी नोंद शांततेची. ही बोट मुंबईच्या मार्गावर पुन्हा आली नाही. युद्धानंतर ती सिटमार या कंपनीकडे गेली. तिची डागडुजी झाली आणि १९५२ साली ती 'कास्तेल फेलिचे' या नव्या नावाने निघाली. 'सुखी किल्ला' असा त्याचा अर्थ. काम तेच, माणसं उतरवून देण्याचं. आता युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या युरोपातले निर्वासित आणि गरीब कुटुंबं तिच्यात बसून ऑस्ट्रेलियाला जाऊ लागली. त्यात इटालियन होते. नऊ वर्षांपूर्वी ज्यांच्या किनाऱ्यावर तिने बंदूकधारी माणसं सोडली होती, त्यांच्याच देशातली पोरंबाळं ती आता नव्या देशात पोचवत होती. आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. त्या काळात ऑस्ट्रेलियाचं धोरण गोऱ्यांनाच वसू देण्याचं होतं. ज्या डेकवर कधी काठेवाडी आणि गोवेकर झोपले होते, त्या डेकवरून उतरण्याचा परवाना आता त्यांना मिळाला नसता. बोट तीच, पण तिचा दरवाजा कोणासाठी उघडायचा हे ठरवणारे दुसरेच.

शेवटची नोंद १९७०. तैवानच्या काओशुंग बंदरात ती मोडीत निघाली. चाळीस वर्षांची नोकरी. धाकटीचं नाव मात्र मुंबईत परत आलं होतं. बी. आय.ने १९४८ मध्ये दुसरी 'कारंजा' बांधली आणि तिने आफ्रिकेचा तो जुना मार्ग पुढे कित्येक वर्षं चालवला. १९७६ मध्ये ती शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने घेतली आणि 'ननकोवरी' झाली.

बोटीची नळी इथे संपते. मी ती इतक्या बारकाईने वाचू शकलो, कारण ती जपली गेली. कोणत्या दिवशी कुठे होती, कोणाला उतरवलं, किती टन होती, सगळं मिळतं. पण त्या काळातल्या बोटी चालवणारी माणसं? युद्धाच्या सुमाराला ब्रिटिश व्यापारी जहाजांवर दर चार खलाशांमागे साधारण एक हिंदी होता. सिल्हेटचे, नोआखालीचे, पंजाबचे, गोव्याचे आणि आमच्या रत्नागिरी-कुलाब्याकडचे. सारंग, तांडेल, आगवाले, भंडारी. त्या युद्धात सहा हजारांच्या आसपास हिंदी खलाशी दर्यात गेले. लंडनला टॉवर हिलवर व्यापारी जहाजांच्या मृतांचं मोठं स्मारक आहे, ब्राँझच्या पाट्यांवर हजारो नावं आहेत. आपल्या खलाशांची नावं त्या पाट्यांवर नाहीत. ती एका पुस्तकात आहेत. त्याची एक प्रत चितगावला आणि एक आपल्या मुंबईत, मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये.

माझ्या आजीचा भाऊ १९४२ च्या पावसाळ्यानंतर बोटीवर गेला. त्याच्या मनीऑर्डरी येत राहिल्या, मग थांबल्या. खूप दिवसांनी एक कागद आला. कोणती बोट, कोणता समुद्र, हे घरात कोणाला वाचून कळलं नाही. गावच्या मशिदीत त्याची गायबाना जनाज्याची नमाज झाली. म्हणजे मय्यत समोर नाही आणि इमाम नमाज पढतो आहे. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. आमच्या फिकहमध्ये ही नमाज चालते. मला नेहमी वाटतं, की दर्यावर पोट असलेल्या लोकांना ती सवलत फार गरजेची होती. आजी म्हणायची, "आमच्या सफात त्या दिवशी एक जागा रिकामी ठेवली होती." तशी रीत नाही, हे मला पुढे कळलं. पण तिने तसं पाहिलं असेल, तर ते खरंच असणार.

जहाजांचा इतिहास लिहिणारे लोक मेहनती असतात. त्यांच्यामुळेच आज 'केरेन'ची गोष्ट मला सांगता आली. माझं मागणं मोठं नाही. एखाद्या बोटीची नोकरी वाचून झाली, तिच्या लढाया आणि तारखा मोजून झाल्या, की मशीद बंदरच्या त्या पुस्तकातलं एखादं पान कोणीतरी मोठ्याने वाचावं. नुसती नावं, गाव, बापाचं नाव. बोटीने इतक्या माणसांना किनाऱ्याला लावलं. जे लागले नाहीत, त्यांना निदान आपल्या जिभेवर तरी उतरू द्यावं.