मांडणी

‘मांडणी’ हा शब्द मराठी घरांत दुकानांतून आलेला नाहीं. तो स्वयंपाकघरांतला आहे. भिंतीला लावलेल्या लांकडी फळ्यांवर चिंचेनें घासलेलीं तांब्यापितळेचीं भांडीं उतरत्या क्रमानें लावून ठेवीत, त्या फळ्यांचें नांव मांडणी. चैत्रांत गौरीपुढें गृहिणी जी आरास करी, तींत पायऱ्यापायऱ्यांचा उतार, मागें एखादें भरजरी वस्त्र, पुढें करंज्या-लाडू, कलिंगडाचें कोरलेलें कमळ आणि या सर्वांवर पडेल असा समईचा उजेड, एवढी सारी योजना असे. मागची वस्तु पुढच्या वस्तूनें झांकली जाऊं नये, डोळा प्रथम देवीकडे जावा व मग खालीं उतरावा, हें तिला कोणत्याही पाठशाळेंत शिकविलेलें नव्हतें. विक्रीच्या मालाची मांडणी हें हल्लीं एक स्वतंत्र शास्त्र समजलें जातें. त्याचीं पहिलीं सूत्रें त्या आराशींत आहेत. फरक एवढाच कीं, तेथें कांहीं विकावयाचें नसे.

पाश्चात्य देशांत या शास्त्राला निराळें वळण लागलें तें मोठ्या अखंड कांचेमुळें. शिकागो शहरीं १८९७ सालीं ‘द शो विंडो’ नांवाचें एक मासिक निघालें. दुकानाची खिडकी कशी सजवावी, हा त्याचा विषय. त्याचे संपादक एल. फ्रँक बॉम यांनीं १९०० सालीं याच विषयावर एक ग्रंथ लिहिला आणि त्याच वर्षीं त्यांची ऑझच्या जादुगाराची बालकथाही प्रसिद्ध झाली. दोन्ही पुस्तकें एकाच लेखणीतून उतरावींत यांत नवल थोडेंच! लंडनमध्यें १९०९ सालीं उघडलेल्या सेल्फ्रिजच्या दुकानानें दार बंद झाल्यावरही खिडक्यांतील दिवे जळत ठेवले. मुंबईस सर जे. जे. कलाशाळेंत व्यापारी कलेचा विभाग १९३५ सालीं सुरू झाला आणि जाहिरात हा चित्रकाराच्या अभ्यासाचा विषय झाला.

या कलेचीं दोन टोकें पाहावयाचीं असतील, तर जुहूस जावें. तीं तेथें एकमेकांपासून हांकेच्या अंतरावर आहेत. एका बाजूस कांचेचीं दालनें असलेलीं उंची कपड्यांचीं दुकानें, आणि दुसऱ्या बाजूस चौपाटीच्या वाळूवर भेळ, पावभाजी व बर्फाचे गोळे विकणारे. दोघांपैकीं अधिक कठीण काम कोणाचें, असें विचारलें तर उत्तर वाळूच्या बाजूनें द्यावें लागेल.

वाळूवरच्या विक्रेत्याला कांच नाहीं कीं मागें भिंत नाहीं. वारा समुद्रावरून येतो आणि त्याबरोबर वाळूचा कणही येतो. म्हणून माल जमिनीपासून उंच ठेवावा लागतो. खारट हवेनें लोखंड गंजतें. म्हणून पितळ व पोलाद घांसून लख्ख ठेवावें लागतें. त्यांतही मोठी अडचण सूर्याची. गिऱ्हाईक येतें तें संध्याकाळीं, रस्त्याकडून पश्चिमेस तोंड करून. मावळता सूर्य मालाच्या पाठीशीं असला, कीं पुढची बाजू काळवंडते आणि टोमॅटो व कैरी सारखींच दिसूं लागतात. यासाठींच अंधार पडण्यापूर्वीं दिवे लागलेले दिसतात. तो उधळेपणा नव्हे. पाठीमागच्या उजेडाशीं पुढच्या उजेडानें दिलेली ती झुंज आहे. गोळेवाला मात्र याच सूर्याला कामास लावतो. लाल, हिरव्या, केशरी सरबतांच्या बाटल्या तो एका ओळींत उभ्या करतो. उजेड त्यांतून आरपार येतो आणि फुकटची रंगीत कांच तयार होते.

भेळवाल्याची रीत निराळी. पुऱ्यांचा ढीग, त्याच्याशेजारीं कोथिंबिरीचा हिरवा भारा, मग कांदा, मग कैरी. एकाच्या शेजारीं दुसरा असा ठेवावयाचा, कीं दोघांचेही रंग उठून दिसावेत. ढीग मोठा दिसावा म्हणून आंत उलटी टोपली ठेवण्याची युक्ति फळवाल्यांत जुनी आहे. हिला लबाडी म्हणावें काय? म्हणूं नये. ज्याचा माल दुसऱ्या दिवशीं नासणार, त्यानें खरोखरीचा डोंगर रचला, तर त्याचें दिवसाचें उत्पन्न रात्रीं कचऱ्यांत जाईल. आणि गिऱ्हाइकाला तर वजन करूनच मिळतें. लबाडी होते ती पुढें ताजीं फळें मांडून पिशवींत मागचीं डागी भरण्यांत.

पावभाजीवाला तर कानालाही बोलावतो. तव्याच्या कांठाभोंवतीं टोमॅटोची रास, मध्यें भाजी आणि तिच्यावर उलथण्याचा तो खणखणाट. भाजी ठेंचण्यास तेवढ्या आवाजाची गरज नसते. ती गरज वाळूवरून चालणाऱ्यांची नजर वळविण्यास असते.

कांचेमागच्या दुकानांत याच्या उलट न्याय. एवढ्या मोठ्या खिडकींत एकच पोषाख! सभोंवार जितकी रिकामी जागा, तितकी वस्तूची किंमत मोठी, हें गिऱ्हाईक आंत शिरण्यापूर्वींच ओळखतें, आणि कित्येकजण तेवढ्यावरूनच पुढें जातात. दुकानदाराचाही तोच हेतु असतो. परंतु कांचेचेही हाल आहेत. भर दुपारीं रस्ता उजळला, कीं तीच कांच आरसा होते. पाहणाऱ्याला पोषाखाऐवजीं स्वतःचें प्रतिबिंब व मागची मोटार दिसते. त्यासाठीं छज्जा पुढें काढावा लागतो किंवा आंतील दिवे दिवसाही प्रखर ठेवावे लागतात. आणि ऊन सरळ आंत आलें, तर मांडलेलें रेशीम विटून जातें.

उजेडाच्या या प्रश्नांतच गिऱ्हाइकाचें खरें हित-अहित आहे. पिवळसर दिव्याखालीं जर अधिक सोनेरी दिसते. पांढऱ्या निळसर दिव्याखालीं हिरा अधिक चमकतो. तांबूस उजेडांत शिळें फळही टवटवीत भासतें. पूर्वींच्या बायका दुकानदाराला न जुमानतां लुगडें घेऊन दाराशीं येत आणि उन्हांत धरून पाहत. तिला कोणी संशयी म्हणत, पण भौतिकशास्त्र तिच्या बाजूचें आहे: एका दिव्याखालीं जुळणारे दोन रंग दुसऱ्या उजेडांत वेगळे दिसूं शकतात. हल्लींच्या बंदिस्त, वातानुकूलित दुकानांत हें दारच दूर गेलें. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें जाहिरातीची जी व्याख्या केली आहे, तींत शब्द व चित्र यांबरोबर प्रकाशाच्या द्वारें केलेलें प्रदर्शनही धरलें आहे, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस दंड सांगितला आहे. दिव्याच्या रंगाबद्दल तक्रार घेऊन जाणारें गिऱ्हाईक मात्र विरळाच.

रंगाचीच गोष्ट गोळ्याच्या बाटल्यांना लागू आहे. भारतांत खाद्यपदार्थांत आठच कृत्रिम रंगांना परवानगी आहे, तीही ठरावीक पदार्थांत व ठरावीक प्रमाणांत. बाटलींतला रंग डोळ्यांस जितका भडक, तितका त्याचा जाब विचारावा. मुलाचा हात धरून उभ्या असलेल्या आईनें तरी विचारावा. कारण लहान मुलाच्या नजरेच्या उंचीवर काय मांडावें, याचा हिशेब दुकानदारानें आधींच केलेला असतो. किराणा भांडारांत पैसे देण्याच्या रांगेशेजारीं, गुडघ्याइतक्या उंचीवर गोळ्या-चॉकलेटें असतात. डाळ-तांदूळ तेथें कधीं सांपडत नाहींत.

दुकानाच्या मांडणींत पाटीही आली. महाराष्ट्रांत २०२२ च्या दुरुस्तीनें लहान दुकानांनाही देवनागरींत मराठी पाटी आवश्यक झाली. अक्षरें दुसऱ्या लिपीपेक्षां लहान नसावींत, हेंही ठरलें. पुढें सप्टेंबर २०२३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें मुंबईच्या दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. पुष्कळांनीं तीं अक्षरें कशीबशी वर चिकटविलीं. लफ्फेदार रोमन अक्षरांशेजारीं तीं उपऱ्यासारखीं दिसतात. देवनागरीला शिरोरेघ आहे, वेलांट्यांना वर व उकारांना खालीं जागा लागते. तेवढी उंची पाटींत आधींच सोडावयास हवी. रंगाऱ्याच्या हातानें पाट्या लिहिल्या जात, तेव्हां हें सांगावें लागत नसे.

रात्र पडली, कीं जुहूच्या कांचेमागचा पोषाख दिव्यांत तसाच उभा राहतो. वाळूवरची आरास मात्र गिऱ्हाइकांनीं खाऊन संपविलेली असते. उरलेला कांदा झांकला जातो, तवा घांसला जातो, रंगीत बाटल्या खोक्यांत जातात. आणि दुसऱ्या दिवशीं दुपारीं, ऊन कलण्यापूर्वीं, पहिल्या टोमॅटोपासून तीच रास पुन्हां रचावी लागते.