साखरेची वही आणि साखरेचा आलेख
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आजचा माझा विषय मधुमेहाचा आहे, परंतु पथ्याचा किंवा औषधांचा नाही. ती चर्चा आपण आपापल्या डॉक्टरांशी करावी. मला बोलायचे आहे ते या आजाराच्या आकड्यांविषयी. ते कसे नोंदवावेत, संगणक त्यांचे चित्र कसे उभे करतो आणि घरातल्या माणसांनी त्या चित्रातून काय वाचावे, एवढाच विषय. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. तेव्हा हा विषय परक्याच्या घरचा आहे असे समजण्याचे कारण नाही.

घरी साखर तपासणे ही गोष्ट आज साधी वाटते. १९६९ च्या सुमारास ती रुग्णाला जवळजवळ अशक्यच होती. अमेरिकेत रिचर्ड बर्नस्टीन नावाचे एक अभियंते होते. बाराव्या वर्षापासून त्यांना मधुमेह होता. रक्तातील साखर मोजणारे एक यंत्र त्यांच्या वाचनात आले. वजन सुमारे दीड किलो, किंमत ६५० डॉलर, आणि कंपनी ते फक्त डॉक्टरांना विकत असे. त्यांच्या पत्नी डॉक्टर होत्या, म्हणून तिच्या नावाने ते मागवण्यात आले. मग दिवसातून अनेक वेळा साखर मोजून, काय खाल्ले आणि किती इन्सुलिन घेतले याच्याशी आकडा जुळवून, एखाद्या कारखान्यातील यंत्राचा अभ्यास करावा तसा त्यांनी स्वतःच्या शरीराचा अभ्यास केला. वैद्यकीय नियतकालिकांनी या अभियंत्याचे लेख नाकारले, तेव्हा त्यांनी ४५ व्या वर्षी वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातले आणि ते डॉक्टर झाले. २०२५ साली, नव्वदी ओलांडल्यावर ते वारले. विद्यार्थी मित्रांनो, वही ठेवण्याची शिस्त माणसाला कुठे नेऊन पोहोचवते याचे हे एक उदाहरण आहे.

परंतु वहीला एक दुखणे आहे आणि ते प्रत्येक घरात आढळते. आकडा चांगला आला तर तो लिहिला जातो, २९० आला तर वही उशाखाली जाते. हा केवळ आपला अनुभव नाही. १९८४ साली अमेरिकेत रॉजर मॅझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही रुग्णांना साखर मोजण्याची यंत्रे दिली. यंत्र प्रत्येक आकडा स्वतःच साठवून ठेवते हे मात्र रुग्णांना सांगितले नव्हते. नंतर वही आणि यंत्र शेजारी ठेवून पाहिले, तर अनेकांच्या वहीतील आकडे यंत्रातील आकड्यांपेक्षा बरे होते. काही गाळलेले, काही चक्क मनाने लिहिलेले! यावर मॅझींनी रुग्णांना दोष देऊन हात झटकले नाहीत. यंत्राने साठवलेले खरे आकडे एका आलेखात कसे मांडावेत, याची पद्धत त्यांनी १९८७ साली प्रसिद्ध केली. आज जगभर जो आलेख छापून डॉक्टरांच्या टेबलावर येतो, तो त्याच पद्धतीतून वाढलेला आहे.

माणूस स्वतःच्याच वहीत खोटे का लिहितो? माझे मत स्पष्ट आहे. आपण साखरेचा आकडा परीक्षेच्या गुणांसारखा विचारतो म्हणून. "आज किती आली?" या प्रश्नात चौकशी कमी आणि दरडावणी जास्त असते. ज्या मुलाला लहानपणीच इन्सुलिन लागणारा मधुमेह होतो, त्याने कोणतेही पाप केलेले नसते, जास्त मिठाई खाल्लेली नसते. २९० ला रागवाल, तर पुढच्या वेळी तुम्हांला १४० ऐकायला मिळेल, आणि त्या १४० वर विश्वास ठेवून डॉक्टर इन्सुलिनचा डोस ठरवतील. मुलींच्या बाबतीत तर उद्या सोयरीक जुळवताना अडचण येईल म्हणून वही, यंत्र आणि कधी कधी सुईसुद्धा लपवली जाते. मुलीच्या जिवापेक्षा स्थळ मोठे नाही, हे मी येथे मुद्दाम बोलून दाखवतो.

आता थोडे गणित. आठवी-नववीच्या मुलांना माध्य आणि मध्यक शिकवले जातात, तेव्हा ते विचारतात, "सर, याचा उपयोग काय?" उपयोग पाहा. एकाची साखर दिवसभरात १४०, १५०, १६० आली. दुसऱ्याची ६०, ९०, ३००. दोघांचे माध्य १५०. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी जी एचबीए१सी तपासणी असते, तिच्यातही असे दोघे सारखे दिसू शकतात. पहिला मात्र सुखाने झोपतो, आणि दुसरा ६० वर असताना चक्कर येऊन पडू शकतो.

म्हणून सॉफ्टवेअर काय करते? दंडावर चिकटवलेला सेन्सर दर पाच मिनिटांनी आकडा देत असेल तर दिवसाचे २८८ आणि चौदा दिवसांचे ४,०३२ आकडे होतात. एवढे आकडे वाचून कोणाला काय कळणार? सॉफ्टवेअर हे चौदा दिवस एकावर एक ठेवते, जणू चौदा पारदर्शक कागद. आडव्या अक्षावर मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंतची वेळ, उभ्या अक्षावर साखर. मधोमध जाड रेघ असते ती मध्यकाची. तिच्याभोवतीच्या गडद पट्ट्यात मधले निम्मे आकडे बसतात, बाहेरच्या फिक्या पट्ट्यात नव्वद टक्के. पट्टा अरुंद असेल तर त्या वेळी रोज साधारण सारखेच घडते. रुंद असेल तर काही दिवशी काही वेगळे घडत आहे आणि त्याचा शोध घ्यायला हवा. पहाटे तीन वाजता पट्टा खाली झुकत असेल, तर हे रात्रीच्या डोसबद्दल डॉक्टरांना विचारायलाच हवे, आणि हे कोणत्याही वहीत दिसले नसते, कारण पहाटे तीनला उठून बोट कोण टोचणार?

२०१९ साली तज्ज्ञांनी एक सोपे माप ठरवले. सर्वसाधारण रुग्णाने दिवसाचा ७० टक्के वेळ, म्हणजे सुमारे १७ तास, ७० ते १८० या दरम्यान राहावे आणि ७० च्या खाली ४ टक्क्यांहून कमी, म्हणजे तासाभराच्या आत. वृद्धांसाठी आणि गरोदर स्त्रियांसाठी मापे वेगळी आहेत. दिवस अशा तासांत मोजला की घरातले बोलणेही बदलते. एका २९० चा बाऊ होत नाही.

आता पालकांसाठी एक हकीकत. न्यूयॉर्क राज्यातील जॉन कॉस्टिक यांच्या चार वर्षांच्या मुलाला २०१२ साली मधुमेह झाला. मुलाच्या अंगावर सेन्सर होता, पण त्याचा आकडा जवळच्या छोट्या यंत्रावरच दिसे. मुलगा शाळेत, बाप कामावर! कॉस्टिक पेशाने सॉफ्टवेअर अभियंते. त्यांनी २०१३ साली ते यंत्र मोबाईलला जोडून आकडे इंटरनेटवर चढवले आणि कामाच्या जागी बसून मुलाची साखर पाहिली. दुसरे एक मधुमेही मुलाचे वडील, लेन डेसबरो, आणि इतर काही जण त्यांना मिळाले. त्यातून 'नाइटस्काउट' हे सॉफ्टवेअर तयार झाले आणि २०१४ साली ते सर्वांना फुकट खुले करण्यात आले. कंपनी कधी करील याची वाट पाहत आम्ही बसणार नाही, हे त्या मंडळींचे ब्रीद. त्याच सुमारास डॅना लुईस या तरुणीला सेन्सरच्या अलार्मने रात्री जाग येत नसे. तिने कॉस्टिक यांचे काम घेऊन आधी मोठा अलार्म केला, मग पुढची साखर वर्तवणारी आकडेमोड केली, आणि अखेर इन्सुलिनचा पंप आपोआप कमी-जास्त होईल इथपर्यंत मजल मारली. हेही तिने लोकांना खुले केले. अशी घरगुती जोडणी ज्याला समजते त्यानेच आणि डॉक्टरांना सांगूनच करावी, हे सांगणे माझे कर्तव्य आहे.

यंत्रावर आंधळा विश्वासही नको. सेन्सर रक्तातली नव्हे, तर त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, म्हणून तो काही मिनिटे मागे असतो. त्या कुशीवर झोपले तर खोटा कमी आकडा दाखवतो. लक्षणे आणि आकडा जुळत नसतील तर बोट टोचून खात्री करावी. ग्लुकोमीटरलाही १०० च्या वर साधारण १५ टक्क्यांचा फरक प्रमाण मानकात मान्य आहे, तेव्हा १८० आणि १९० वरून घरात वाद घालू नये. आणि फुकट मिळणारे प्रत्येक ॲप भले नसते. ते आकडे कोठे साठवते, कोणाला देते, आपले आकडे आपल्याला परत काढून घेता येतात का, हे आधी पाहावे.

रमजानचा उल्लेख येथे ओघानेच येतो. इंटरनॅशनल डायबिटीस फेडरेशनने सहभागी होऊन काढलेल्या २०१६ व २०२१ च्या मार्गदर्शिकांत स्पष्ट म्हटले आहे की, तपासणीसाठी बोट टोचल्याने रोजा तुटत नाही, आणि साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा. ज्यांना रोजे ठेवायचे आहेत त्यांनी रमजानच्या महिना-दोन महिने आधीच आपला आलेख घेऊन डॉक्टरांकडे जावे. दुपार उलटल्यावर रेघ कुठे जाते आणि इफ्तारनंतर ती किती उसळते, यावरच औषधाची वेळ व मात्रा ठरते.

सेन्सर अनेकांना परवडत नाही, हे मी जाणतो. त्यावाचूनही काम होते. दहावीच्या मुलाने घरातल्या मोबाईलवर किंवा साध्या आलेखाच्या कागदावर चोवीस तासांचा आडवा अक्ष आखावा. ७० आणि १८० वर दोन रेघा ओढाव्यात. रोज एकच वेळ न तपासता सोमवारी उपाशीपोटी, मंगळवारी दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी, बुधवारी झोपताना, अशा वेळा बदलत दादी-नानांची साखर घ्यावी आणि प्रत्येक आकड्याचा ठिपका त्याच कागदावर द्यावा. किती पट्ट्या खर्च करायच्या ते डॉक्टरांना विचारावे. इन्सुलिन घेणाऱ्यांना जास्त लागतात. ठिपक्याशेजारी दोन शब्द लिहावेत : 'लग्नाचे जेवण', 'ताप', 'गोळी विसरली'. महिन्याभराने कागद डॉक्टरांकडे नेताना ठिपके कुठे दाटले आहेत तेथे पेन्सिलने वर्तुळ करावे, आणि कागदाच्या मागे आपला एक प्रश्न लिहून न्यावा.